कॅमेऱ्याचा हप्ता राहू दे, आधी कंडेन्सर वर घ्या

पत्र : ताई, मी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. वय ३४. दोन वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या क्लासचा जुना मायक्रोस्कोप विकत घेतला. पुढे कुठेतरी समुद्रातल्या डायटमचे, म्हणजे काचेसारखं कवच असलेल्या एकपेशीय शेवाळांचे, फोटो पाहिले आणि वेडच लागलं. मेहुण्याने रत्नागिरीहून बाटली भरून पाणी आणलं. उघडलं तर कुजक्या अंड्यांचा वास. त्यातून जे सापडलं त्याचे मोबाईलने काढलेले चार फोटो सोबत पाठवतोय. सगळे राखाडी, कडा काळ्या, आतली नक्षी दिसतच नाही. मायक्रोस्कोपवर लावायचा कॅमेरा ५२ हजारांना मिळतोय, हप्त्यावर. घ्यावा का? शिवाय आपण पडलो कोल्हापूरचे. दर वेळी घाट उतरून १३० किलोमीटर कोण जाणार? वडील म्हणतात, असल्या किड्यांचे फोटो काढून पोटाला काय मिळणार. तुम्ही काय ते स्पष्ट सांगा.

उत्तर : दादा, कॅमेरा घेऊ नका. निदान यंदा तरी नको.

तुमचे चारही फोटो मी मोठ्या स्क्रीनवर सावकाश पाहिले. तिसऱ्या फोटोतला जो लांबट, दोन्ही टोकांना उलटसुलट वळलेला आकार आहे, तो प्ल्युरोसिग्मा नावाचा डायटम किंवा त्याचा जवळचा भाऊबंद. त्याच्या कडेला एक काळी रेघ, तिला चिकटून पांढरी, परत एक काळी, अशी झालर दिसते. ती झालर त्या जिवाची नाही. कंडेन्सर, म्हणजे स्लाईडच्या खालचं उजेड एकवटणारं भिंग, खाली उतरवलेला असला आणि त्याची उजेड कमी-जास्त करायची झडप जवळजवळ बंद असली की ती उमटते. झडप मिटली की चित्र ठसठशीत वाटतं, म्हणून शिकणारा प्रत्येक जण ती मिटतो. मी ३० वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, प्रॅक्टिकलच्या दर बॅचला हेच सांगत आले.

तुम्ही मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, काम करणारे, म्हणून हिशेबच मांडते. तुमच्या ४०एक्स ऑब्जेक्टिव्हवर, म्हणजे स्लाईडजवळच्या भिंगावर, ०.६५ असा आकडा कोरलेला असेल. ती त्याची प्रकाश गोळा करायची ताकद, एन.ए. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखवून दिलं की भिंगाला किती बारीक दिसणार हे या आकड्यावर आणि प्रकाशाच्या तरंगलांबीवर ठरतं. हिरवा प्रकाश ०.५५ मायक्रॉनचा धरा. झडप पुरेशी उघडी असेल तर तुमच्या भिंगाला ०.४२ मायक्रॉन अंतरावरच्या दोन रेघा वेगळ्या दिसू शकतात. तीच झडप मिटून टिकली केली की मर्यादा जाते ०.८५ वर, म्हणजे दुप्पट. आता प्ल्युरोसिग्मा अँग्युलेटम घ्या. त्याच्या अंगावरच्या रेघांमधलं अंतर असतं साधारण अर्धा मायक्रॉन. तुमची नक्षी नेमकी इथे हरवली. जी रेघ भिंगातून वर आलीच नाही, ती ५२ हजारांचा कॅमेरा कुठून आणणार?

मेगापिक्सेलचंही तसंच. आयपीसचं, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाचं, क्षेत्र १८ मिलिमीटरचं धरलं तर ४०एक्सवर तुम्हाला दिसणारं वर्तुळ ०.४५ मिलिमीटरचं. त्यात ०.४२ मायक्रॉनचा तपशील टिपायला आडवे २१००-२२०० पिक्सेल लागतात. तुमच्या खिशातला १२ मेगापिक्सेलचा मोबाईल त्याहून जास्तच देतो.

तेव्हा आज रात्री एवढं करा. कंडेन्सर पार वर घ्या, जवळजवळ स्लाईडला टेकेपर्यंत. ४०एक्सवर एखाद्या डायटमवर फोकस करा. मग आयपीस उपसून काढा आणि उघड्या नळीतून खाली बघा. तळाशी उजेडाची चकती दिसेल. झडप हळूहळू मिटत आणा आणि चकतीचा साधारण पाऊण भाग उजळलेला राहील तिथे थांबा. आयपीस परत बसवा. चित्र आधी फिकट वाटेल, हिरमोड होईल, पण झडपेला हात लावू नका. उजेड जास्त वाटला तर दिव्याचं बटण कमी करा. मग काळ्या कार्डाचा तुकडा घेऊन कंडेन्सरखालच्या फिल्टरच्या कडीत एका बाजूने सरकवत न्या, अर्धी कडी झाकेपर्यंत.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझ्यासमोर प्ल्युरोसिग्माच होता. आधी नुसती काचेची फाक. कार्ड सरकत गेलं तसा तिच्यावर फिका निळसर-पिवळट रंग चढला. फोकसचा बारीक नॉब केसभर फिरवला आणि एका टोकाकडून रेघा उमटायला लागल्या. तिरक्या, एकसारख्या, कुणीतरी डिव्हायडिंग हेडवर आखल्यासारख्या. कार्ड दुसऱ्या बाजूने घातलं तर त्या रेघा मावळल्या आणि उलट्या तिरक्या दुसऱ्याच उमटल्या. मी त्या रात्री जेवायला उठले नाही. भिंग कसाला लावायला शंभर-दीडशे वर्षांपूर्वी लोक हाच डायटम वापरत. तुमच्याकडे जॉब पास की नापास ते ठरवणारा गो-नोगो गेज असतो, तसा तो त्यांचा गेज.

कमी मोठेपणावर, म्हणजे १०एक्सला, त्याच कडीच्या मधोमध काळ्या कार्डाची गोल टिकली ठेवून बघा. १२ ते २० मिलिमीटर व्यासाच्या चार-पाच कापून ठेवा, कुठली जमते ते तुमचा मायक्रोस्कोप सांगेल. पार्श्वभूमी काळीभोर होते आणि डायटम हुपरीच्या चांदीच्या जाळीकामासारखे उजळतात.

उजेडानंतर नंबर लागतो स्लाईडचा. डायटमचं कवच सिलिकाचं. तुमच्या फाउंड्रीवाल्यांची वाळू तीच, फक्त इथे पाणी धरून ठेवलेली, ओपलसारखी. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३ आणि या कवचाचा १.४३ च्या आसपास. दोन्ही इतके जवळ की कवच पाण्यात विरघळल्यासारखं दिसतं, ग्लासात नितळ बर्फ दिसेनासा होतो तसं. कायमची स्लाईड करायला कॉलेजात वापरतात तो डीपीएक्स नावाचा चिकट द्रव १.५२ चा, म्हणजे तेवढाच जवळ, फक्त पलीकडच्या बाजूने. जाणकार त्यासाठी १.७ च्या आसपासचं नॅफ्रॅक्स वापरतात. तुम्ही सध्या कशातच बुडवू नका. स्वच्छ केलेले डायटम कव्हरस्लिपवर, म्हणजे स्लाईडवर झाकायच्या पातळ काचेवर, वाळवा, ती उलटी करून कोरडीच स्लाईडवर ठेवा आणि कडा नेलपॉलिशने बंद करा. हवा आणि सिलिका यांच्यात फरक भरपूर, त्यामुळे नक्षी ठळक येते. डायटम स्लाईडवर न वाळवता कव्हरस्लिपलाच चिकटलेले हवेत, म्हणजे काच आणि ते यांच्यात फट राहत नाही.

ऑब्जेक्टिव्हवर १६०/०.१७ असंही कोरलेलं असेल. त्यातला ०.१७ हा कव्हरस्लिपच्या जाडीचा आकडा, मिलिमीटरमध्ये. बाजारातल्या डबीत ०.१३ पासून ०.१९ पर्यंत काहीही निघतं. माझ्यासारखीला ते अंदाजाने चालवून घ्यावं लागलं, पण तुमच्या हातात दिवसभर मायक्रोमीटर असतो. जेवणाच्या सुट्टीत एक डबी मोजा आणि ०.१७ च्या वेगळ्या काढा. जपून मोजा, रॅचेटवरच, काच चटकन तडकते.

आता समुद्राचं. समुद्र कोल्हापुरात रोज येतो, दादा, बर्फाच्या पेट्यांतून. मासळी बाजारात तारली मिळते ना? तिचं खाणं डायटम आणि तसलेच बारीक तरंगते जीव. मांस पचतं, सिलिकाचं कवच पचत नाही. तारली साफ करून घेताना मावशींना सांगा, पोटातलं टाकू नका, डबीत द्या. त्या चमकून बघतील, पण देतील. सहा-सात माशांची जठरं पुरतात. तिसऱ्या मिळाल्या तर त्यांच्या आतला काळपट भागही ठेवा, त्यात खाडीच्या चिखलातले निघतात. जुन्या काळचे डायटम जमवणारे कालवांची आणि समुद्रकाकड्यांची पोटं अशीच फोडून बघत. आणि तारली घरी खाल्ली जाते, हे वडिलांनाही पटेल.

स्वच्छ करायला वेळ लागतो आणि इथे घाई केलेली मला अजिबात आवडत नाही. जठरं चिरून आतला लगदा भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यात ढवळा, तेलकटपणा निघू दे. पाणी बदलून रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवा, शिंपल्यांचा चुरा त्यात फसफसून जातो. पुन्हा नीट धुवा, व्हिनेगर उरता कामा नये. मग मेडिकलमध्ये मिळणारं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साईड ओतून बाटली उन्हाच्या जागी ठेवा. झाकण कधीही घट्ट लावायचं नाही, आत वायू तयार होतो आणि बाटली फुटते. दर तीन-चार दिवसांनी पेरॉक्साईड बदलत १०-१५ दिवस द्या, तपकिरी गाळ पांढरट होईपर्यंत. पुस्तकांत याहून जोरदार आम्लं सांगितलेली असतात. ती प्रयोगशाळेच्या धुराड्याखाली वापरायची. कारखान्यातून ॲसिड घरी आणू नका, घरात लहान मूल असेल तर मुळीच नको. ब्लीचिंगचं पाणीही नको. जास्त वेळ राहिलं तर ते नाजूक कवचं खातं, आणि आम्लात मिसळलं तर विषारी क्लोरीन निघतो.

मग धुणं. ग्लास ढवळून १०-१५ सेकंद थांबा. वाळू तळाला बसते, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या ग्लासात घ्या. त्यात डायटम आहेत. आता त्यांना बसू द्या, पाण्याच्या दर सेंटीमीटर उंचीला एक तास. वरचं पाणी ड्रॉपरने काढा, नवीन घाला. असं सहा-सात वेळा. पाणी बॅटरीत भरायचं डिस्टिल्ड वापरा, पेट्रोल पंपावरचं. एक थेंब काचेवर वाळवून बघा. मिठाचे चौकोनी खडे दिसले तर अजून धुवायचंय.

नळाचं किंवा हौदाचं पाणी का नको, ते मला महागात पडलेल्या प्रसंगावरून सांगते. मालवणहून एका हिवाळ्यात मी १४ बाटल्या आणल्या होत्या. दोरांवरचं, खडकांवरचं, शेवाळावरचं, प्रत्येक वेगळं. घाईत सगळ्या घरच्या हौदाच्या पाण्याने धुतल्या. हौदाच्या भिंतीला जो तपकिरी बुळबुळीत थर असतो, तोही डायटमचाच, गोड्या पाण्यातल्या. महिन्याभराने स्लाईड बघताना प्रत्येक बाटलीत तेच तेच नाविक्युला आणि गॉम्फोनिमा दिसायला लागले. कुठला मालवणचा आणि कुठला माझ्या मोरीतला, खात्रीने सांगता येईना. १४ च्या १४ बाटल्या टाकल्या. आजही त्यांची हळहळ वाटते.

माशाच्या पोटातून कवचं मिळतात, जिवंत डायटम मिळत नाहीत. त्यासाठी वर्षातून एकदा तरी आंबा घाट उतरा. पावसाळा नको, समुद्र खवळलेला असतो. नारळी पौर्णिमा होऊन पाणी निवळलं की जा, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचा दिवस धरा, तेव्हा ओहोटी दूरवर जाते. भाट्ये खाडीच्या काठाला ओहोटीत चिखल उघडा पडतो. त्यावर जिथे सोनेरी तपकिरी साय धरलेली दिसेल, तिथली वरचीच साय चमच्याने उचला. होडीच्या दोरावरचं, दगडावरचं बुळबुळीत जुन्या टूथब्रशने खरवडा. वाहून आलेलं समुद्रशेवाळ बाटलीत झटका, उपटू मात्र नका. बाटली एक तृतीयांशच भरा, झाकण सैल ठेवा, ओल्या फडक्यात गुंडाळा. मेहुण्याने ती काठोकाठ भरून घट्ट बंद केली असणार. आतला ऑक्सिजन संपला, मग जे जिवाणू उरले त्यांनी समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाईड केला. तुम्हाला आला तो वास त्याचा.

मायक्रोस्कोप बरोबरच न्या आणि त्याच रात्री लॉजवर बघा. चिखल ताटलीत पसरून त्यावर भिंग पुसायचा पातळ कागद अंथरा, वर दिवा लावा. हे डायटम उजेडाकडे सरपटत वर येतात. दोन-तीन तासांनी कागदावर चहा सांडल्यासारखा डाग दिसेल. तेवढाच कागद कापून थेंबभर समुद्राच्या पाण्यात झटका, चिखलाचा कण न येता जिवंत डायटम मिळतात. नशिबाने बॅसिलेरिया नावाची डायटम सापडली तर फोटो सोडा, व्हिडिओ घ्या. तिच्या काड्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात आणि बघता बघता एकीवरून एक घसरत लांबच लांब काठी होते, पुन्हा घसरत एकत्र येतात. कितीदा पाहिलं तरी माझा जीव तिथे अडकतो.

आणि मोबाईल हातात धरून फोटो काढणं आता बंद. उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत आपल्या ओळखीचं कुणी नसेल असं होणार नाही. तुमच्या आयपीसचा बाहेरचा व्यास मोजा आणि त्यावर सरकून बसेल अशी ॲल्युमिनियमची किंवा डेलरिन प्लास्टिकची रिंग टर्न करून घ्या, वर मोबाईल धरणारी पट्टी. मोबाईलचं भिंग आयपीसपासून किती अंतरावर हवं ते पुढे-मागे करून ठरवा. कडेची काळी किनार नाहीशी होते ती जागा बरोबर. तिथे स्क्रू आवळा. याच गावात बाबूराव पेंटर आणि विष्णुपंत दामले यांनी १९१८ च्या सुमाराला चित्रपटाचा कॅमेरा स्वतः तयार केला होता. आपल्या गावाला एका रिंगेचं काय अवघड?

एक्स्पोजर आणि पांढरा रंग लॉक करा, तीन सेकंदांचा टायमर लावा. ४०एक्सवर जेमतेम एक मायक्रॉन जाडीचा थर फोकसमध्ये असतो आणि कॉसिनोडिस्कस हा गोल डायटम तर बशीसारखा खोलगट. म्हणून बारीक नॉब एकेक आकडा फिरवत १०-१२ फोटो घ्या आणि पिकोले या फुकट प्रोग्राममध्ये एकत्र करा. हे हाताला दोन रविवारांत बसेल.

प्रत्येक फोटोबरोबर तारीख, जागा, कशावरून खरवडलं ते आणि मोठेपणा लिहाच. जवळच्या कॉलेजात विनंती करून स्टेज मायक्रोमीटर तासभर मागा, एका मिलिमीटरचे १०० भाग असतात त्यावर, आणि त्याचा फोटो त्याच जोडणीत काढून ठेवा. मग प्रत्येक चित्रावर १० मायक्रॉनची पट्टी टाकता येते. तुम्ही इन्स्पेक्शनवाले, माप नसलेला जॉब पास करत नाही. नाव मात्र प्रजातीपर्यंत ओढू नका. प्ल्युरोसिग्मा एवढं म्हटलं तरी ते खरं असतं.

वडिलांना काय सांगायचं? पोटाला काही मिळणार नाही, हे आधी कबूल करा. मग सांगा की हे किडे नाहीत, आणि पृथ्वीवर जेवढं प्रकाशसंश्लेषण होतं त्याचा जवळपास पाचवा हिस्सा हे डायटम करतात. आणि एवढं सांगून गप्प बसा. आपल्या मराठीत डायटमला करंडक म्हणतात, फार नेमकं नाव आहे. कवचाचे दोन भाग असतात, एक मोठा, एक किंचित लहान, आणि मोठा लहानावर झाकणासारखा बसतो, आईच्या कुंकवाच्या करंड्यासारखा. कोरडी स्लाईड जमली की काळ्या पार्श्वभूमीवरचा एक कॉसिनोडिस्कस लावून ठेवा आणि वडिलांना हाक मारा. फोटो नको, आयपीसमधूनच बघू द्या. चष्मा काढायला सांगा, आणि फोकसचा नॉब त्यांच्या हातात द्या.

५२ हजारांपैकी सध्या लागतील ते एक डबी कव्हरस्लिपचे, पेरॉक्साईडच्या दोन-तीन बाटल्यांचे आणि त्या रिंगेचे. प्ल्युरोसिग्माच्या रेघा ज्या दिवशी मोजता येतील इतक्या स्वच्छ येतील, त्या दिवशी तो फोटो मला पाठवा. १० मायक्रॉनमध्ये २० च्या आसपास भरल्या पाहिजेत. कॅमेऱ्याचं आपण तेव्हा बोलू.